बापूकाकाचं हरिकेन



दिल्लीचं लग्न आटोपून आलो तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो, "काय काय पाहिलं?" कुतुबमिनार नाही, लाल किल्ला नाही, पालमला हवाई दलाच्या संग्रहालयात एक अख्खा दिवस घालवला, असं सांगितलं की समोरचा माणूस जरा दयेनेच पाहतो. साठी ओलांडलेला माणूस विमानं बघायला कशाला जाईल? म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. लांबलं तर सांभाळून घ्या.

याची सुरुवात आपल्या भोपाळलाच झाली. ३० सप्टेंबर २०२३ ला हवाई दलाने मोठ्या तलावावर विमानांच्या कसरती केल्या, ते तुम्ही सगळ्यांनीच पाहिलं असेल. व्हीआयपी रोडवर पाय ठेवायला जागा नव्हती. आमचा नातू, वय वर्षे दहा, कानांवर हात ठेवून आकाशाकडे बघत होता. आवाज ओसरल्यावर त्याने त्याच्या नेहमीच्या खिचडी भाषेत विचारलं, "आजोबा, अपने घर में कोई पायलट था क्या?"

मी म्हणालो, "पायलट नाही रे. पण एक जण विमानं दुरुस्त करायचा."

"कोण?"

"माझा काका. बापूकाका."

त्याने हे नाव कधी ऐकलंच नव्हतं. आमच्या हॉलमध्ये भाऊकाकांचा फोटो आहे, खाली ताम्रपट आहे, दर पंधरा ऑगस्टला त्याला हार घातला जातो. भाऊकाका कोण होते हे पोराला पाठ आहे. बापूकाकाचा फोटो भिंतीवर कधीच नव्हता. हे मला त्या दिवशी, तलावाच्या काठी उभं असताना पहिल्यांदा टोचलं.

आता घरची गोष्ट थोडी सांगावी लागेल. आम्ही मूळचे नागपूरच्या महालातले. तिघे भाऊ. थोरले भाऊकाका, मधला बापूकाका आणि धाकटे माझे वडील, नाना. (भाऊकाकांना आम्ही सगळे अहो-जाहो करायचो आणि बापूकाकाला अरे-तुरे. असं का, हे लहानपणी कधी मनात आलं नाही.) १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला आली आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी माणसं फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर इकडे आली. नाना त्यातलेच. तात्या टोपे नगरात १२५० च्या क्वार्टरमध्ये आमचं बिऱ्हाड लागलं. पुढे हेवी इलेक्ट्रिकल्स सुरू झालं तेव्हा बापूकाका तिथे फिटर म्हणून लागला आणि पिपलानीत राहायला आला. भाऊकाका आधी नागपूरलाच होते, मग म्हातारपणी आमच्याकडे आले.

भाऊकाका १९४२ च्या ऑगस्टमध्ये पकडले गेले. त्या महिन्यात नागपूर, चिमूर, आष्टी सगळंच पेटलं होतं. १६ ऑगस्टला चिमूरला काय झालं ते आपल्याकडच्या प्रत्येक घरात सांगितलं जातं. भाऊकाका दोन वर्षं तुरुंगात होते. आणि बापूकाका त्याच्या वर्षभर आधी, १९४१ मध्ये, मॅट्रिक होऊन हवाई दलात भरती झाला होता. म्हणजे एक भाऊ इंग्रजांच्या तुरुंगात आणि दुसरा इंग्रजांच्या पगारावर. एका आईची दोन मुलं.

तेव्हा हवाई दल होतं तरी केवढं! ८ ऑक्टोबर १९३२ ला कागदावर जन्मलं, १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोडला पहिली तुकडी उभी राहिली, चार वापिटी विमानांची. जमिनीवर काम करणाऱ्या पहिल्या हिंदी पोरांना 'हवाई सिपाही' म्हणत आणि त्यातले बरेच रेल्वेच्या वर्कशॉपमधून उचललेले. युद्ध सुरू झालं तेव्हा या दलात १६ अधिकारी आणि १४४ शिपाई होते. युद्ध संपताना साडेअठ्ठावीस हजार माणसं होती, त्यात अधिकारी सोळाशेच्या आसपास. बाकी सगळे जमिनीवरचे: फिटर, रिगर, शस्त्रं भरणारे, वायरलेसवाले, ड्रायव्हर, स्वयंपाकी. पुस्तकं मात्र सोळाशेंवर निघतात.

बापूकाका रिगर होता. फिटर इंजिन बघतो, रिगर विमानाचं अंग बघतो, म्हणजे पंख, शेपटी, तारा, चाकं आणि कापड. हो, कापड. ते पुढे सांगतो.

तर पालम. विमानतळाला लागूनच हे संग्रहालय आहे, सोमवार-मंगळवार बंद असतं, जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. आम्ही गेलो तेव्हा फेब्रुवारीचं कोवळं ऊन होतं. नातवाला बाहेरची जेट विमानं दिसली आणि तो सुटला. मी जुन्या विमानांच्या हँगरमध्ये गेलो.

पहिल्यांदा भेटतं वापिटी. दोन मजली पंखांचं, कापड-तारांचं विमान. मग लायसँडर, खांद्यावर पंख असलेलं, एखाद्या मोठ्या टोळासारखं दिसणारं. मुंबई इलाख्याच्या युद्धनिधीतून पहिल्या तुकडीला लायसँडर मिळाली होती, आणि १९४२ च्या सुरुवातीला तीच घेऊन मुजुमदारसाहेब ब्रह्मदेशात टौंगूला गेले. लायसँडर हे टेहळणीचं विमान. आपल्या मेकॅनिकांनी त्याला बाँब लटकवायची सोय केली आणि सयामच्या हद्दीतल्या जपानी धावपट्टीवर ते टाकून आले. आणखी पुढे टेंपेस्ट, स्पिटफायर. आणि कोपऱ्यात एक लहानसं, खेळण्यासारखं दिसणारं जपानी विमान, ओहका. नाव म्हणजे चेरीचा मोहर. पोटाखाली धरून मोठ्या विमानाने न्यायचं आणि सोडून द्यायचं. आत एक माणूस, नाकात बाराशे किलो स्फोटक. उतरण्यासाठी चाकंच नाहीत. ते पाहून बाहेरून परत आलेला नातू म्हणाला, "आजोबा, हे लँड कसं करतं?" मी म्हणालो, "करत नाही." तो बराच वेळ तिथून हलला नाही.

आणि मग हरिकेन.

मी विमानांमधला जाणकार नाही, पण मी या एका विमानाकडे दोन तास बघत होतो. स्पिटफायरसारखं देखणं नाही. पाठीला थोडं पोक आहे. पुढचा भाग पत्र्याचा आणि मागचा, पायलटच्या पाठीमागून शेपटीपर्यंत, कापडाचा. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या, त्यावर लिननचं कापड ताणून शिवलेलं, आणि त्यावर 'डोप' नावाच्या लुकणाचे हात. डोप वाळलं की कापड आक्रसतं आणि तबल्याच्या पुडीसारखं ताठ होतं. हीच हरिकेनची खुबी. पत्र्याच्या विमानाला भोक पडलं की वर्कशॉप लागतं. हरिकेनच्या मागच्या अंगातून गोळी आरपार गेली तर रिगर चौकोनी ठिगळ कापतो, डोप लावतो, आणि सकाळी विमान पुन्हा वर. ब्रह्मदेशच्या आघाडीवर, जिथे सुटे भाग महिना महिना यायचे नाहीत, तिथे याला फार किंमत होती.

हे वाचलेलं ज्ञान आहे. पण ते वाचताना मला बापूकाकाच्या दोन गोष्टी एकदम उलगडल्या.

एक म्हणजे आमच्या १२५० च्या गणपतीचं मखर. जुन्या लोकांना आठवत असेल, ते दरवर्षी बापूकाका करायचा. बांबूच्या कामट्यांवर मांजरपाट ताणून खळ लावायचा. दहा दिवसांत भोपाळचा पाऊस कितीही कोसळो, त्या मखराला सुरकुती पडायची नाही. वाळल्यावर तो बोटाने टिचकी मारून कान लावून ऐकायचा. आवाज बसका आला की उसवून पुन्हा. आम्ही पोरं त्याची नक्कल करायचो.

दुसरी गोष्ट नेलपॉलिशची. माझी ताई कॉलेजात असताना खिडकीत बसून नखं रंगवत होती. बापूकाका आत आला, दारातच थांबला आणि म्हणाला, "विमानाचा वास येतोय." आम्ही हसलो. तो हसला नाही, चहा न घेताच गेला. डोपचा वास थेट नेलपॉलिशसारखा असतो, हे मला आता, पन्नास वर्षांनी कळलं.

बापूकाका १९४४ मध्ये पहिल्या तुकडीबरोबर इम्फाळला होता. तुकडीचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग, वय अवघं पंचवीस. मार्चच्या शेवटी जपान्यांनी कोहिमाचा रस्ता तोडला आणि इम्फाळ वेढलं गेलं. २२ जूनला रस्ता मोकळा होईपर्यंत सगळं विमानाने यायचं: पीठ, दारूगोळा, पेट्रोल. पहिल्या तुकडीची हरिकेनं जोडीजोडीने झाडांच्या शेंड्यांवरून उडत शत्रू कुठे आहे ते बघून यायची. रात्री जमिनीवरच्या माणसांनीच रायफली घेऊन आपल्या विमानांभोवती पहारा द्यायचा. जूनमध्ये माऊंटबॅटन स्वतः तिथे आले आणि त्यांनी अर्जन सिंगांच्या छातीवर पदक लावलं.

आणि वेढा घालणाऱ्यांमध्ये जपान्यांबरोबर नेताजींची आझाद हिंद फौज होती. १४ एप्रिल १९४४ ला इम्फाळपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, मोइरांगला, त्यांनी तिरंगा लावला.

आमच्या घरातली खरी गाठ ही होती. नोकरी केली, इंग्रजांचा पगार घेतला, हे भाऊकाकांनी कदाचित माफ केलं असतं. हे नाही केलं.

१९७२ ची गोष्ट. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून भाऊकाकांना ताम्रपट मिळाला. मग मराठी मंडळींनी वेगळा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, भाषणं. बापूकाका त्या दिवशी खुर्च्या लावत होता. रात्री घरी जेवणं झाल्यावर, मी चौदा वर्षांचा, पाटावर बसून ताक पीत होतो. कशावरून निघालं ते आठवत नाही. भाऊकाका म्हणाले, "बापू, तुम्ही लोकांनी नेताजींच्या पोरांवर बाँब टाकलेत."

बापूकाकाने ताट बाजूला सरकवलं. म्हणाला, "मी बाँब नाही टाकले, भाऊ. मी गेलेलं विमान परत येईल एवढं पाहिलं."

"परत येऊन पुन्हा जाण्यासाठीच ना?"

याला बापूकाकाने उत्तर दिलं नाही. हात धुवायला उठला. आईने विषय बदलला. मला आठवतं, मला भाऊकाका एकदम बरोबर वाटले होते, आणि असा चुरचुरीत जवाब देणारे काका आपले आहेत याचा अभिमानही वाटला होता. चौदाव्या वर्षी माणूस असाच असतो. पण पुढची पन्नास वर्षंही मी त्यावर फेरविचार केला नाही, हे काही वयावर ढकलता येत नाही.

त्याआधीचा एक प्रसंगही आहे, १९६५ च्या लढाईतला. भाऊकाका दिवाळीआधी आमच्याकडे आले होते. पेपरात अर्जन सिंगांचा फोटो होता, तेव्हा ते हवाई दलाचे प्रमुख होते. भाऊकाका मोठ्याने बातमी वाचत होते, काय हा माणूस, काय ही हिंमत. बापूकाका खाली बसून आमची सायकल उघडत होता. मान वर न करता म्हणाला, "हे आमचे साहेब होते. इम्फाळला." भाऊकाकांनी पेपराची घडी घातली. एवढंच. मी सात वर्षांचा होतो, मला फक्त घडी घातल्याचा आवाज आठवतो.

पालमला हरिकेनसमोर बसून मी विचार करत होतो की बापूकाकाने द्यायला हवं होतं ते उत्तर काय होतं. मला वाटतं, ते त्याच हँगरमध्ये उभं आहे. हरिकेनच्या शेजारच्या टेंपेस्ट आणि स्पिटफायर जातीच्या विमानांनीच १९४७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात श्रीनगर वाचवायला मदत केली. २७ ऑक्टोबरला सकाळी डकोटांनी शीख रेजिमेंटचे जवान श्रीनगरच्या कच्च्या पट्टीवर उतरवले आणि ७ नोव्हेंबरला शालटेंगला वरून मारा झाला. स्वातंत्र्य मिळून तीन महिनेही झाले नव्हते. विमानं इंग्रजांनी ठेवून गेलेली. ती चालवणारे (त्यात आपले हृषीकेश मुळगावकर, पुढे हवाई दलप्रमुख झाले ते) आणि ती चालती ठेवणारे, सगळे युद्धातच तयार झालेले. हे हात आले नसते तर ताम्रपट मिळवणाऱ्यांनी मिळवलेलं काश्मीर राखलं कोणी असतं? भाऊकाका हयात असते तर याला काहीतरी खणखणीत उत्तर देते, मला माहीत आहे. त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. पण तो दिल्लीच्या आणि लंडनच्या साहेबांना विचारायचा होता, रिगरला नाही.

आणि लिबरेटरबद्दल तर सांगायलाच हवं. चार इंजिनांचं, एकशे दहा फूट पंखांचं अमेरिकन बाँबफेकी विमान. युद्ध संपलं तेव्हा इंग्रजांकडची अशी कितीतरी विमानं कानपूरच्या चकेरीला उभी होती. ती अमेरिकेने उसनवारीवर दिलेली, अट अशी की परत करा नाहीतर मोडा. म्हणून निघताना त्यांनी ती मोडली. यंत्रं फोडली, इंजिनांत वाळू ओतली, काहींना धक्के देऊन वाकवलं. पुन्हा उडू नयेत याची व्यवस्था करून गेले. १९४८ मध्ये आपल्याला बाँबफेकी विमानं हवी होती आणि घ्यायला पैसे नव्हते. तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टची माणसं चकेरीला गेली. (हा कारखाना १९४० मध्ये उभा केला आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. युद्धात तिथे अमेरिकन विमानांची दुरुस्ती होत असे.) याचा पंख, त्याची शेपटी असं करत एकेक विमान कसंबसं उडण्याजोगं केलं आणि मुन्शी नावाच्या पारशी वैमानिकाने ती एकेक करून बंगळूरला नेली. तिथे नीट दुरुस्ती. अशी चाळीसवर विमानं उभी राहिली. पुण्याच्या सहाव्या तुकडीत ती समुद्रावर पहारा करायची; लोहगावजवळच्या जुन्या लोकांना तो चार इंजिनांचा घुमारा आठवत असेल. १९६८ पर्यंत उडाली. जगात बाकी सगळ्यांनी केव्हाच भंगारात काढली होती, म्हणून मग ब्रिटन, अमेरिका, कॅनडाच्या संग्रहालयांनी ती आपल्याकडून नेली. मोडून गेलेल्यांनीच पुन्हा मागून नेली! मला या गोष्टीचा फार आनंद होतो, मग कोणी काही म्हणो.

जाता जाता एक मराठी नाव. पहिल्या महायुद्धात चार हिंदी तरुण इंग्रजांच्या हवाई दलात लढाऊ वैमानिक झाले. त्यातले एक मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर. २३ व्या तुकडीत डॉल्फिन विमान उडवत, जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर ते पडले. कबर तिकडेच, हँगार्ड गावी. इंद्रलाल रॉय सगळ्यांना माहीत आहेत, वेलिणकर आपल्याकडेच कोणाला माहीत नाहीत.

बापूकाका १९४६ मध्ये हवाई दलातून सुटला. त्या फेब्रुवारीत मुंबईला नाविकांचं बंड झालं आणि त्याला पाठिंबा म्हणून हवाई दलातल्या हिंदी सैनिकांनीही काम बंद ठेवलं. बापूकाका तेव्हा मुंबईच्या छावणीत होता. तो त्यात बसला होता का? घरात हे कोणी त्याला विचारलंच नाही. मीही नाही.

तो १९९१ मध्ये गेला. तेराव्याच्या दिवशी, पाहुणे गेल्यावर, नानांनी मला एक गोष्ट सांगितली. भाऊकाका तुरुंगात होते ती दोन वर्षं महालातलं घर बापूकाकाच्या मनीऑर्डरवर चाललं. आजी दर महिन्याला पोस्टमनची वाट बघायची. तुरुंगात भाऊकाकांना जे चिवडा-लाडू भेटीला जात ते त्याच पैशांतले. भाऊकाकांना हे ठाऊक होतं का, असं मी विचारलं. नाना म्हणाले, "आईने बापूकडून शपथ घेतली होती, सांगायचं नाही म्हणून." त्या १९७२ च्या रात्री बापूकाका हात धुवायला का उठला, ते मला तेव्हा कळलं. पण फोटो लावायचं काही सुचलं नाही.

दिल्लीहून आल्यावर नातवाला घेऊन पिपलानीला माईकडे गेलो, माई म्हणजे बापूकाकाची मुलगी. तिने माळ्यावरची लोखंडी ट्रंक काढली. हिंगाच्या डबीत बर्मा स्टार होता, सहा टोकांचा, काळपट पडलेला. आणि खाकी कापडाची गुंडाळी, तिच्यात पाने. बापूकाका सायकल असो की शिवणयंत्र, काम सुरू करण्याआधी पाने मोजायचा आणि संपल्यावर पुन्हा मोजायचा. म्हणायचा, एक पाना कमी भरला तर तो विमानात राहिला, आणि मग ते विमान उडू द्यायचं नाही. नातवाने गुंडाळी उलगडून मोजलं. बारा कप्पे, अकरा पाने. त्याने माझ्याकडे पाहिलं.

माई म्हणाली, "अरे, तो बारा नंबरचा ना? स्वयंपाकघरात आहे. मिक्सरला लागतो मला." पोरगा आत गेला, घेऊन आला, कप्प्यात घातला आणि पहिल्यापासून पुन्हा मोजले.

फोटो अजून मिळालेला नाही. माईकडे बापूकाकाचा एकच आहे, हेवी इलेक्ट्रिकल्सच्या निवृत्तीचा, त्यात तो मागच्या रांगेत अर्धा झाकला गेला आहे. १२५० च्या गणपतीचे साठ-सत्तरच्या दशकातले फोटो ज्यांच्या घरी असतील त्यांनी कृपया एकदा बघावे. मखराच्या बाजूला, पांढऱ्या पायजम्यात, हातात कात्री असलेला उंच माणूस दिसला तर तोच. मला कळवा, मी येऊन घेऊन जाईन.